सामायिक लेक

जानोरीत कुसाबाईंच्या दोन सुनांचं नाव होतं. गावात कुठं जावाजावांचं वाजलं की म्हातारी माणसं हटकून म्हणायची, जरा कुसाबाईच्या घरी जाऊन बघून या. आणि खरंच कोणी बघायला गेलं तर दिसायचंही तसंच. पॉलिहाऊसशेजारच्या शेडमध्ये थोरली उज्वला आणि धाकटी सुवर्णा गुलाबाच्या जुड्या बांधत बसलेल्या, एकीच्या हातातली कात्री दुसरीच्या हातात न मागता जायची. बघणारा खूश होऊन, चहा पिऊन निघून जायचा. त्याला काय दिसणार? सुवर्णाच्या पोटात बावीस वर्षं जे जळत होतं त्याला ना धूर होता, ना वास.

जळायचं कारण एकच, सायली. सायली सुवर्णाची पोर. नऊ महिने हिनं पोटात वाढवली, दोन दिवस कळा देऊन ओझरच्या दवाखान्यात जन्माला घातली. शाळेच्या दाखल्यावर, दहावी-बारावीच्या मार्कशीटवर, आईच्या नावापुढं ‘सुवर्णा’च छापलेलं. आणि ती पोर आई म्हणायची उज्वलाला. सुवर्णाला म्हणायची काकू.

आता यात जगावेगळं काही नाही म्हणा. एकत्र घरात असं होतंच. मोठी पोरं जे बोलतात ते धाकटं लेकरू उचलतं. उज्वलाचे दोघे, महेश आणि रुद्र, तिला आई म्हणायचे आणि सुवर्णाला काकू. सायलीनं तेच ऐकलं, तेच बोलायला लागली. दुसऱ्या घरात कोणीतरी चारदा टोकलं असतं, अगं, तुझी आई ही. इथं कोणी टोकलं नाही. कारण सासूबाईंना, म्हणजे कुसाबाईंना, ते मनापासून आवडलं.

कुसाबाईंचं माहेर वणीकडचं. तिथलं त्यांचं भरलं घर एका वाटी दुधावरून फुटलं होतं. धाकट्या काकीनं सायीचं दूध लपवून फक्त आपल्या पोराला पाजलं, थोरलीनं ते बघितलं, आणि बघता बघता अंगणात भिंत आली, मग कोर्ट आलं, मग एकमेकांच्या मयतालाही कोणी जाईना. आठ वर्षांच्या कुसानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं की आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही. दोन मुलांची लग्नं झाली, सुना आल्या, तेव्हा त्यांनी दोघींना समोर बसवून एकदाच सांगितलं. विहीर सामायिक असती, बांधावरचं झाड सामायिक असतं, तशी या घरात लेकरं सामायिक.

नियम कुठं लिहून लावले नव्हते. आईनं आपलं लेकरू चारचौघांत उचलायचं नाही. दोघींची पोरं एकदम रडली तर आधी जावेचं घ्यायचं, मग आपलं. पाहुण्यांनी आणलेला खाऊ आजीच्या हातात द्यायचा, रात्री तिन्ही पोरं आजीच्या अंथरुणात. आणि कोणी चुकलं तर कुसाबाई ओरडायच्या नाहीत. त्या आपलं ताट पुढं सरकवायच्या, ‘मला भूक नाय’ एवढं म्हणून उठायच्या. बस, झालं! म्हातारं माणूस उपाशी राहिलं हे घरभर व्हायचं, पुरुषांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि जिच्यामुळं झालं तिला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं.

सुवर्णावर ही पाळी एकदाच आली. सायली सात-आठ महिन्यांची असताना ओट्यावरून पडली. सुवर्णा पिठाच्या हातांनी धावत सुटली आणि सगळ्यांच्या देखत पोरीला छातीशी धरून तिचे मुके घेत बसली. दाराच्या फटीत बोट चेमटून रुद्र पलीकडं किंचाळत होता, तिकडं हिचं लक्षच नाही. संध्याकाळी ताट सरकलं. तिचा नवरा भारत, आईपुढं मान वर न करणारा, त्यानंही अर्धपोटी हात धुतला. सुवर्णानं कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून तिनं आपल्या पोरीला कोणासमोर जवळ घेतलं नाही, आणि मग कोणी समोर नसतानाही घ्यायची सवय राहिली नाही.

आणि उज्वला? खरी मेख तिथंच होती. उज्वला वाईट असती तर सुवर्णाचं निभलं असतं. मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या, माहेरी जाऊन आईपाशी रडली असती, मोकळी झाली असती. पण ती बया चांगली होती. आतून-बाहेरून चांगली. दोन मुलांवर तिला मुलगी हवी होती, ती जावेच्या पोटी आली म्हणून तिला कोण आनंद! सासूनं जे करायला सांगितलं तेच तिला करायचं होतं. ती सायलीच्या वेण्या घालायची, तिच्या बाहुलीला झबलं शिवायची, तिच्या बारावीच्या पेपरांना उपास धरायची. नियम दोघींना सारखाच, पण एकीला तो मानवला आणि एकीला बाधला. महेश-रुद्रचे लाड करायची सुवर्णालाही मोकळीक होतीच की. तिनं केलेही. पण ते दोघे पठ्ठे काकूचा लाडू खाऊन आईच्या पदराला तोंड पुसायचे.

सायली अकरा वर्षांची असताना तर कहर झाला. गावातल्या बायकांच्या गटानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘आदर्श एकत्र कुटुंब’ म्हणून या घराचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, काचेची ढाल, सगळं काही. दोन्ही सुनांनी दोन शब्द बोला म्हणाले. उज्वलानं तोंडाला पदर लावून नुसतं हसून घेतलं. सुवर्णाच्या हातात माईक आला आणि तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, ‘आमच्या घरात कोणतं लेकरू कोणाचं, मला तर आठवतही नाही.’ टाळ्या काय वाजल्या म्हणता! कुसाबाईंना तर कुठं ठेवू आणि कुठं नको झालं. समोर सतरंजीवर पहिल्या ओळीत सायली बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. त्या दिवसापासून पोरगी काकूशी कामापुरतं बोलायला लागली. सुवर्णाला कळलं, काय ते सगळं कळलं, पण गावासमोर बोललेला शब्द गिळायचा कसा?

तेव्हापासून तिचं जळणं वाढतच गेलं. उज्वलाला साधी कणकण आली तरी सायली कॉलेज बुडवून तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची. सुवर्णाचा हात गुलाबाचा काटा लागून टरारून सुजला, तर ‘काकू, दाखवून ये डॉक्टरला’, आणि तेही मोबाइलमधून मान वर न काढता. नवीन ड्रेस घातला की पोरगी आधी उज्वलासमोर गिरकी घ्यायची. सुवर्णा शेडमधून ते बघायची आणि हसायची. ते हसणं तिनं इतकं घोटवलं होतं की आरशालाही खरं वाटावं. आत मात्र अंगाचा तिळपापड. कधी कधी तर तिला वाटायचं, या बाईला एकदा तरी सायलीनं उलट बोलावं, एकदा तरी हिचं काळीज मोडावं, मग मी हिला जवळ घेऊन समजूत काढीन. असलं काही मनात आलं की ती घाईघाईनं देवापुढं दिवा लावायची. दिवा लावून जळणं थांबत असतं तर काय हवं होतं?

सायली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आली. जूनमध्ये ती नाटकाचं शिकायला पुण्याला जाणार हे ठरलं. गेलेली पोर परत घरी राहायला येत नाही, हे सुवर्णाला कळत होतं. नोकरी, लग्न, संपलं. तिचं एकच मागणं उरलं होतं. जायच्या आत या पोरीनं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडं आई म्हणून बघावं. हाक नको, मिठी नको. नुसतं बघावं. पण हे मागायचं कोणाकडं? सामायिक विहिरीत माझं पाणी कोणतं, असं विचारण्यातली ती गत.

त्या हिवाळ्यात सायलीनं कॉलेजच्या स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली. नाव ठेवलं ‘सामायिक’. एका दुपारी ती शेडमध्ये येऊन सगळ्यांना गोष्ट सांगायला लागली. पुढच्या काळातलं एक नगर आहे म्हणे. तिथल्या सरकारनं ठरवलंय की सगळ्या भांडणांचं मूळ मत्सर आणि मत्सराचं मूळ ‘माझं’. मग लेकरू जन्मलं की उचलायचं आणि गोकुळ नावाच्या मोठ्या इमारतीत नेऊन ठेवायचं. आईला पत्ता लागू द्यायचा नाही की आपलं कोणतं. आयांना तिथंच वाढपी म्हणून कामाला लावायचं, आणि रोज सकाळी रांगेत उभं करून म्हणून घ्यायचं, ‘माझं असं काही नाही.’

कुसाबाई पाकळ्या झटकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘मग चांगलंच हाय की. भांडणं तर नाय व्हणार.’

सगळे हसले. सायली हसली नाही. ती मोबाइल काढून उज्वलाच्या शेजारी जाऊन बसली, म्हणाली, नाटकासाठी विचारतेय, खरं सांगायचं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिनं विचारलं, आई, तुला मी कधी दुसरीची वाटले का गं? उज्वलाचे डोळेच भरून आले. दुसरीची कशी वाटशील, तू माझीच आहेस, असं म्हणून तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. समोर सुवर्णा बसली होती, हातभर अंतरावर. तिच्या कात्रीखाली एका फुलाची मानच गेली. तिला वाटलं आता आपल्याला विचारेल. उत्तरही तिनं जुळवायला घेतलं होतं. सायलीनं मोबाइल बंद केला आणि ती उठून गेली.

म्हणजे नाटकही हिच्यावरच! सुवर्णा दोन दिवस मनातल्या मनात धुमसत राहिली. जन्म देणारी मी, नियम पाळता पाळता दगड झालेली मी, आणि नाटकातली आई ही होणार. जिला काही सोडावंच लागलं नाही ती!

पहिल्या फेरीतून नाटक वर गेलं. शेवटची फेरी नाशकात, शालिमारजवळच्या नाट्यगृहात, आणि तीही नेमकी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. गुलाबवाल्यांच्या घरी तो आठवडा म्हणजे लगीनघाई. अख्ख्या जगाला प्रेमाची फुलं याच चार दिवसांत पाठवायची असतात, आणि ती तोडून, काटे काढून, वीस-वीसच्या जुड्या बांधून बांधणाऱ्यांची कंबर मोडते. अशा गडबडीत एका सकाळी सायली स्वयंपाकघरात आली. पहिल्या रांगेचे दोनच पास मिळालेत म्हणाली.

‘एक आजीला, एक आईला.’

सुवर्णा पीठ मळत होती. पुढं अजून काही येईल म्हणून ती थांबली. काही आलं नाही. उलट उज्वलाच म्हणाली, अगं, मी मागं बसेन, सुवर्णाला दे माझा पास. ही अशी चांगुलपणाची पुतळी! सुवर्णाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि सायली काय म्हणाली? नाही आई, मला पुढं तुम्ही दोघीच हव्यात. सुवर्णानं पिठाचा गोळा परातीत आपटला आणि हसत म्हणाली, मला कुठं सवड आहे बाई नाटकं बघायला, फुलांची गाडी भरायचीय. तिचं ते हसणं बघून कोणालाही वाटलं असतं की हिला काहीच वाटलं नाही. सायलीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि ‘बरं’ म्हणाली.

नाटकाच्या दिवशी उज्वलाचा नवरा शेखर, ओझरच्या विमान कारखान्यात होता तो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला आणि आईला, बायकोला गाडीत घालून घेऊन गेला. उज्वलानं जांभळी पैठणी नेसली होती, अंबाड्यात आपल्याच बागेतला लाल गुलाब. सुवर्णानंच तो तिच्या केसांत खोवून दिला. छान दिसता ताई, म्हणाली. गाडी वळणाआड गेली आणि तिच्यानं राहवेना. आपली पोर दुसरीला आई म्हणून कशी मिरवते, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच. बघून जळून खाक झालं तरी चालेल. तिनं भारतला सांगितलं, कात्र्या बोथट झाल्यात, नाशकातून धार लावून आणते. भारत भोळा होता, बिनडोक नव्हता. घरात धार लावायचा दगड पडलेला होता. तो म्हणाला, ‘जा. गाडी मी भरतो.’

दहाव्या मैलाच्या फाट्यापर्यंत टमटम, तिथून बस, नाशकात निमाणीच्या स्टँडला उतरून रिक्षा. नाट्यगृहात पोचली तेव्हा तिसरी घंटा झाली होती. मागच्या दारातून शिरून ती अगदी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसली. तिथून पहिल्या रांगेतला तो लाल गुलाब मात्र बरोबर दिसत होता.

पडदा उघडला. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका एका ओळीत, छातीवर आकडे. समोर पोरांची रांग, हातात ताटं. बायका वाढत होत्या आणि अधिकारी वह्या घेऊन बघत उभे होते. कोणत्या बाईची पळी कोणत्या पोरासमोर जड होते, ते हुडकायचं त्यांचं काम. दोघी सापडल्या. एकीनं बटाट्याची एक फोड जास्त टाकली होती, एकीनं एका पोराला बघून नुसते डोळे मिचकावले होते. त्यांना ओढत नेलं. पण चौदा नंबरची बाई कशातच सापडेना. तिची नाडी तपासली, झोपेत काय बोलते ते ऐकलं, काही नाही. शेवटी तिला पदक दिलं. पदक घेताना ती हात जोडून म्हणाली, ‘कोणतं लेकरू कोणाचं, मला तर आठवतही नाही.’

वाक्य सुवर्णाचं होतं, शब्दाला शब्द. म्हणजे पोरीनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आज चारशे माणसांत बाहेर काढलं. याचसाठी मला बोलावलं नाही, तिला वाटलं. माझी अब्रू काढायची होती म्हणून.

मग रंगमंचावर एक नवी अधिकारी आली, तरुण पोरगी. ते काम सायलीच करत होती. जुन्या साहेबांना ती म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या ठिकाणी बघताय. जास्त कोणाला मिळतं ते कशाला बघता? कमी कोणाला मिळतं ते बघा. आणि ती चौदा नंबरच्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

‘अकरा वर्षं मी या रांगेत होते,’ सायली म्हणाली. ‘सगळ्यांच्या ताटात पळी भरून पडायची. माझ्या ताटात थोडी कमी. रोज. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. फार उशिरा कळलं. बाकीच्यांना वाढताना हिचा हात घाबरत नव्हता. माझ्याच वेळेला घाबरायचा.’

खांबाच्या आडोशाला सुवर्णा ताठ झाली. कमी? मी? आणि तिला एकामागून एक दिसायला लागलं. तव्यावरची शेवटची करपलेली भाकरी सायलीला. दिवाळीचा फुटका लाडू सायलीला. आंब्याच्या फोडी पोरांना आणि कोय सायलीला. महेशच्या भातावर तुपाची धार, रुद्रच्या भातावर धार, आणि सायलीच्या ताटापाशी येईपर्यंत चमचा सरळ झालेला. आपली म्हणून जास्त गेलं तर, या धाकानं हात आपसूक आखडायचा. ती त्याला शिस्त म्हणत होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाई तर जास्त कोणाला जातंय तेच बघत बसलेल्या. आणि पोर काही उपाशी नव्हती, मागून उज्वला भरभरून वाढायचीच. पण पोरीनं प्रत्येक घास मोजला होता.

आधी तिला शरम वाटली, अशी की मान वर होईना. अकरा वर्षांची पोर अर्धी भाकरी खाऊन काय समजली असेल? आणि मग, त्या शरमेच्या मागोमाग, दुसरंच काहीतरी वर आलं. ओळखलं होतं. सायलीनं आईला ओळखलं होतं! सुवर्णाची नजर त्या लाल गुलाबाकडं गेली. गुलाब जराही हलत नव्हता. नाटकात सगळ्यांनाच भरभरून वाढणाऱ्या बायकाही होत्या, चांगल्या, हसऱ्या, पोरांच्या गालावरून हात फिरवणाऱ्या. त्यांच्याकडं त्या अधिकारी पोरीनं ढुंकूनही बघितलं नव्हतं. उज्वलाचं बावीस वर्षांचं तूप एका वाक्यात पाण्यात गेलं होतं आणि ते तिला पहिल्या रांगेत बसून बघावं लागत होतं. सुवर्णाला इतका आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली. कोणाच्या मयताला हसू यावं तसं ते होतं. तिनं तोंडात पदर कोंबला. रंगमंचावर सायलीनं ताट पुढं केलं, ‘वाढ’ म्हणाली, चौदा नंबरच्या बाईचा हात थरथरायला लागला, आणि पडदा पडला.

निकालाला ती थांबली नाही. मिळेल ती बस पकडून घरी आली, साडी बदलली, वांगी भाजायला ठेवली आणि काही झालंच नाही असा आव आणून बसली.

दिवेलागणीला गाडी आली. नाटक दुसरं आलं होतं. सायलीच्या तोंडावरचा रंग अजून पुरता निघाला नव्हता. तिनं विचारलं, गाडी भरली का काकू? भरली, सुवर्णा म्हणाली. काकू ते काकूच. पण आज तो शब्द तिला बोचला नाही. कुसाबाई आल्या आल्या खाटेवर बसून राहिल्या. शेखर म्हणाला, गर्दीनं दमली असेल. उज्वलानं पैठणी बदलली, केसांतला गुलाब काढून ओट्यावर ठेवला आणि बाजरीच्या भाकरी थापायला घेतल्या. डोळे लाल होते. सुवर्णा तिच्या मागं ताटं घेत उभी होती, आणि आज पहिल्यांदा तिला जावेची दया येत होती. मोठी गोड वाटली ती दया. जिंकलेल्या माणसालाच परवडते.

रोज वाढायची सुवर्णा. त्या दिवशी उज्वला म्हणाली, आज मी वाढते. तिनं कुसाबाईंना वाढलं, शेखरला, भारतला, महेश-रुद्रला, सगळ्यांना आख्खी भाकरी, वर तूप. सायलीच्या ताटापाशी आली. टोपल्यात हात घालून तिनं तळाशी सारून ठेवलेली एक भाकरी काढली, एका अंगानं काळीठिक्कर. ती मधोमध मोडली आणि अर्धीच सायलीच्या ताटात ठेवली. तुपाचा चमचा तिच्या दुसऱ्या हातात होता. तो तिनं भांड्यात परत ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा उज्वलानं या पोरीला कमी वाढलं होतं. तिचा हात कापत होता.

सायलीनं त्या तुकड्याकडं बघितलं. मग वर बघितलं, उज्वलाकडं. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ती अशी बघत राहिली, अशी, जशी नजर सुवर्णानं बावीस वर्षं देवाकडं मागितली होती.

सुवर्णाच्या अंगाची आग झाली. हेही घेतलं हिनं! हाक घेतली, वेण्या घेतल्या, आजारपणं घेतली, पहिली रांग घेतली. एक करपलेली भाकरी तेवढी माझी होती, अडाणीपणानं दिलेली का होईना, माझी, पोरीनं ओळखलेली. त्यावरही हिनं हात मारला, आणि तोही इतक्या प्रेमानं की भांडायची सोय नाही. दया बिया सगळी गेली कुठल्या कुठं. ती तरातरा ओट्यापाशी गेली, तव्याशेजारी आचेवर फुगलेली भाकरी तशीच हातात घेतली, चटके बसत होते तरी, आणि तुपाच्या भांड्यात चमचा न घालता भांडंच भाकरीवर उपडं केलं. निथळती भाकरी तिनं सायलीच्या ताटात आणून ठेवली. सगळ्यांच्या देखत.

‘सुवर्णा,’ कुसाबाई म्हणाल्या, ‘आधी समद्यांना पाहिजे का बघ.’

‘समद्यांचं ताई बघतील, बाई. मी हिला वाढतेय. माझी पोरगी आहे ती.’

भारतच्या हातातला घास तसाच राहिला. कुसाबाईंचा हात ताटाच्या कडेला गेला. पण ताट सरकलं नाही, त्या खाली बघून भरीत खायला लागल्या, आणि उज्वला सायलीच्या समोर खाली टेकली. सुवर्णाही टेकली, तिच्या शेजारी, दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते तरी एकीनंही मागं घेतला नाही.

सायलीनं हातानंच डोळे पुसले. ती काकू म्हणाली नाही आणि आईही म्हणाली नाही. ताटात एका अंगाला करपलेला अर्धा तुकडा, दुसऱ्या अंगाला तुपात बुडालेली भाकरी. तिनं बाही मागं सारून हात पुढं केला. तव्यावर टाकलेली दुसरी भाकरी जळायला लागली होती, घरभर वास सुटला होता, पण कोणता घास आधी तोंडात जातो ते बघत दोन्ही जावा जागच्या हलल्या नाहीत.